माझ्या ओठाखालची खाच

मी एक लाकडी खिडकी बोलतेय. जरा जवळ येऊन ऐका, कारण माझा आवाज मोठा नाही. वारा आला की बिजागरीतून कुरकुरायचं आणि पाऊस आला की तावदानं थरथरवायची, एवढंच मला येतं. त्यातून मी जात्याच भित्री. कुणी कडी जोरात आपटली तरी माझ्या काळजात धस्स होतं.

माझ्या चौकटीवर उजव्या हाताला निळ्या खडूची एक फुली आहे. या घरात ज्या खिडकीवर अशी फुली पडते, ती फार दिवस राहत नाही. माझ्या तीन बहिणींवर पडली होती. त्या आता नाहीत.

ही फुली कशी पडली, ते सांगते. पण मला घाईने सांगता येत नाही. लाकडाचा जीव आहे, हळूहळूच वाढतो. तुम्हीही हळूहळू ऐका.

आधी मी झाड होते. कुठलं, ते विचारू नका. झाडाला आपलं नाव ठाऊक नसतं. एका टेकडीच्या उतारावर आम्हाला माणसांनीच रांगेने लावलं होतं. टेकडी राखणारा एक माणूस होता. साठ वर्षांत तिथे तीन राखणदार झाले, त्यातला हा शेवटचा. एके दिवशी तो पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला आणि माझ्या बुंध्यावर एक पट्टा ओढला. माझ्यावर पडलेली ती पहिली खूण. शेजारच्या झाडावर पट्टा नव्हता. तेव्हाच मला कळलं की ज्याच्यावर खूण, त्याच्यावर वेळ.

करवतीचं मी बोलणार नाही. अजून अंगावर शहारा येतो. पण एक गोष्ट सांगायला हवी. मी आडवी पडल्यावर तो राखणदार माझ्या खोडाशेजारी खड्डा खणायला बसला. लाकूड न्यायला आलेला गाडीवान म्हणाला, "अहो, एक पाडलं आणि दोन लावताय?"

"एक काढलं की दोन लावायची," तो म्हणाला. "नाहीतर डोंगर बोडका होईल आणि मला तोंडावर शिव्या देईल. मला रोज याच वाटेने जायचंय बाबा."

त्याने लावलेली ती दोन रोपं मी गाडीत चढवली जाईपर्यंत बघत होते. तेवढाच धीर.

मग वखार, आणि वखारीतून सुताराचं दुकान. सुतार बारीक अंगाचा, बोलघेवडा माणूस. त्याच्या रंध्याची मला आधी भीती वाटली, पण तो माझ्यावरून हात असा फिरवायचा, जसा कुणी तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतो. माझी साल, ढलप्या, भुसा, त्याने काहीच फुकट घालवलं नाही. रंध्याच्या कुरळ्या साली एक कुंभार मडकी फुटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये भरायला घेऊन गेला. भुसा कुणाच्या तरी गोठ्यात गेला.

ज्या घरासाठी आम्ही घडत होतो, त्या घरची बाई रोज दुकानात यायची. नवं लग्न झालेलं, नवं घर बांधायला काढलेलं, आणि प्रत्येक गोष्टीला 'हे कशाला' असं विचारायची खोड.

"लाकडाचीच कशाला?" तिने विचारलं. "शेजारी लोखंडाच्या लावतायत."

"लावू देत वहिनी," सुतार रंधा न थांबवता म्हणाला. "लोखंड बनवायला भट्टी किती पेटवावी लागते, बघितलंय? ही मात्र उन्हापावसावर आपसूक तयार झाली. आणि एक सांगू? साठ वर्षं या झाडाने हवेतला धुराचा भाग गिळला आणि चांगली हवा माघारी दिली. ते गिळलेलं सगळं अजून हिच्या पोटात आहे. ही खिडकी जोवर शाबूत, तोवर ते आत. जाळलीत, की सगळं बाहेर."

मी ते ऐकलं आणि माझी भीती दुप्पट झाली. तोवर मला आपल्या एकटीच्या मरणाची भीती होती. आता कळलं की मी जळले तर साठ वर्षांचं साठवलेलं वाहून जाईल.

सगळ्यात शेवटी सुताराने मला उलटी केली. चौकटीची खालची जाड फळी भिंतीच्या बाहेर दोन बोटं डोकावते, तिला तो माझा ओठ म्हणायचा. त्या ओठाच्या खालच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याने एका अरुंद रंध्याने खाच पाडली. करंगळी जाईल एवढी.

"ही कशाला? दिसणार तर नाही कुणाला."

"दिसायला पाडत नाही, वहिनी. पाणी फार आळशी. सरळ खाली पडायचं सोडून ते लाकडाला चिकटून ओठाखालून सरपटत जातं आणि भिंतीत शिरतं. वाटेत खाच आली की त्याला ती ओलांडता येत नाही. मग मुकाट्याने खाली पडतं. एवढी खाच सांभाळा, ही तुमच्या नातवंडांना पुरेल."

बाईने खाचेतून करंगळी फिरवून बघितली आणि हसली. ती करंगळी मी कधी विसरले नाही.

आम्ही एकाच झाडाच्या चौघी. तिघी पुढच्या अंगाला बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. मी मागच्या खोलीत, अंगणाकडे. पुढच्या तिघींना रहदारी दिसायची, मला दोरीवरचे कपडे, एक फुलझाडांचा वाफा आणि शेजारच्यांची भिंत. मला तेच बरं होतं. भित्र्याला मागची बाजू बरी.

माणसं मजेशीर असतात. भांडण झालं की खिडकी लावून घेतात, जणू मी नसते तर शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं. आणि भांडण मिटलं की खिडकी उघडून 'हवा किती छान आहे' म्हणतात. हवा तीच असते. कडक उन्हात शेजारच्या लोखंडी खिडकीला हात लावला की माणूस ओरडायचा. थंडीत तिला आतून घाम फुटायचा आणि पडदे भिजायचे. माझ्या अंगावर मात्र बारा महिने हात ठेवता यायचा. बाहेरचं ऊन मी आत जाऊ देत नव्हते, आतली ऊब बाहेर सोडत नव्हते. शेजाऱ्यांची शेगडी जितकी जळायची त्याच्या निम्मीच आमच्या घरात पुरायची.

बाई दर दोन वर्षांनी मला जवसाचं तेल पाजायची. आणि दर ऋतू बदलला की अंगणात जाऊन ओठाखालून करंगळी फिरवायची. कोळ्याची जाळी, गांधीलमाशीचं मातीचं घर, जे असेल ते काढून टाकायची. बिनबोभाट. घरात कुणालाही ठाऊक नव्हतं की ती हे करते.

हीच सगळ्यात मोठी चूक झाली. तिने कुणाला सांगितलंच नाही.

तिचा नवरा, म्हणजे आता ज्यांना घरात सगळे बाबा म्हणतात ते, नळखात्यात होते. चाळीस वर्षं लोखंडी कांब जमिनीला टेकवायची, कांबेला कान लावायचा आणि पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. 'बाबांना पाण्याची नाडी कळते,' असं लोक म्हणायचे. त्यांच्या लेखी जगात एकच पाप होतं, भोक. भोक म्हणजे गळती. दिसलं की बुजव.

बाई गेली त्या वर्षी ते निवृत्त होऊन घरी बसले होते. घर सुनं झालं. मुलगा सकाळी कामावर जायचा तो संध्याकाळी यायचा. सूनबाई मागच्या खोलीत, माझ्याच उजेडात, पुस्तकबांधणीचं काम करायची. आणि बाबा हातात लांबीचा डबा घेऊन घरभर फिरायचे. लांबी म्हणजे रंगारी भेगा बुजवायला वापरतात तो लगदा. भिंतीतल्या खिळ्यांची भोकं बुजवली. दाराच्या फटी बुजवल्या. एकदा स्वयंपाकघरातल्या मोरीची जाळी बुजवली, तेव्हा घरात गुडघाभर... नाही, खोटं कशाला बोलू, घोटाभर पाणी झालं.

"बाबांच्या हातात डबा असला की घरातलं एकही भोक सुरक्षित नाही," सूनबाई नवऱ्याला म्हणायची. "तुमची बासरी लपवून ठेवा."

बाबाही हसायचे. पण डबा सोडायचे नाहीत. मला कळत होतं. हाताला काम नसलं की माणसाला जिकडेतिकडे भोकंच दिसायला लागतात.

आणि मग एके दिवशी सकाळी ते अंगणात आले. वाकले. माझ्या ओठाखाली बघितलं. "अरेच्चा! केवढी चीर पडलीय," असं स्वतःशीच बोलले.

मी ओरडले हो. बिजागरीतून जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. त्यांनी बिजागरीला तेल घातलं आणि माझी खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबीने भरून टाकली. वरून अंगठा फिरवून गुळगुळीत केली. मग शिडी घेऊन पुढच्या तिघींकडे गेले. संध्याकाळपर्यंत चौघींचे ओठ शिवले गेले होते.

पुढचं सुताराने सांगितलं तसंच झालं. पाणी सरपटत आत शिरलं. आधी भिंतीवर एक टिकलीएवढा डाग. मग तळहाताएवढा. मग माझ्या ओठाच्या डाव्या टोकाला मऊपणा आला. आतून पोखरलं जाणं काय असतं, ते मी सांगू शकत नाही. दुखत नाही. फक्त रोज आपण थोडे कमी होत जातो, आणि ते आपल्यालाच कळतं.

सूनबाईने बाबांनाच विचारलं, "बाबा, ही ओल कुठून येतेय?" त्यांनी भिंतीला कांब लावली, कांबेला कान लावला, आणि निकाल दिला, "खिडकीतून येतेय. लाकूड जुनं झालं." ते खोटं नव्हतं बोलत. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

पुढच्या तिघी आधी गेल्या. मी मागून ऐकलं. पहार घातल्याचा आवाज, लाकूड मोडल्याचा आवाज. मग त्यांना अंगणात आणून टाकलं, माझ्या अगदी समोर. चौकटी तुटलेल्या, पण काळजातलं लाकूड अजून लालसर, घट्ट. दोन दिवस आम्ही एकमेकींकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी गाडी आली. कुठे नेलं माहीत नाही. त्या दिवशी संध्याकाळी लांबवर धूर दिसत होता. तो त्यांचाच होता असं मी म्हणत नाही. पण मी त्या धुराकडे बघू शकले नाही.

त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या आल्या. बसवणाऱ्यांनी त्यांच्या पट्ट्या अंगणातच कापल्या. पांढरा चुरा उडाला आणि फुलांच्या वाफ्यात जाऊन पडला. दोन वर्षं झाली, चुरा तसाच आहे. पक्षी दाणा समजून उचलतात आणि टाकतात. काही टाकत नाहीत.

पुढची ओल मात्र थांबली, कारण नव्या खिडक्यांना खाली पत्र्याची उतरती पट्टी होती. झालं, घरातल्या सगळ्यांची खात्री पटली. दोष लाकडाचाच.

मग या वर्षीच्या पावसात सूनबाईचे तीन गठ्ठे भिजले. एका शाळेची जुनी हजेरीपुस्तकं होती, शिवायला आलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली. पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली. ती एक एक पान वाळवत बसली होती आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मेली खिडकी. हिला आधीच काढायला हवं होतं."

मला तिचा राग नाही. तिच्या पोटावर पाय आला होता.

आणि मग तो मापवाला आला. प्लास्टिकच्या खिडक्यांची मापं घेणारा, पोट सुटलेला, कानावर पेन्सिल. टेप लावली, आकडे लिहिले, खिशातून निळा खडू काढला आणि माझ्या उजव्या अंगावर फुली मारली. माझी तावदानं वाजली. वारा नव्हता.

जाता जाता त्याने अंगणातून माझ्या ओठाखाली हात घातला. सवयीने घातला असावा. आणि थबकला.

"काका, हिला खाली खाच नाही?"

बाबा दारात उभे होते. "कसली खाच?"

"जुने सुतार पाडायचे. माझे वडील सुतारच होते म्हणून माहिती. ती खाच नसली की पाणी ओठाखालून सरळ भिंतीत. चांगली खिडकीसुद्धा चार-पाच वर्षांत कुजते."

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी काहीच नव्हतं. मग त्यांचा अंगठा हळूच बोटांवरून फिरला, जणू त्याला काहीतरी आठवलं. तो अंगठा मला ओळखीचा होता.

"बाबांनाच विचारा," सूनबाई म्हणाली. "पाण्याचं त्यांना सगळं कळतं. होती का हो खाच?"

"नाही," बाबा म्हणाले. "लाकूड जुनं झालंय."

या वेळी ते खोटं होतं.

"मग प्रश्नच मिटला," मापवाला म्हणाला. "परवा सकाळी कारखान्यात तुमच्या मापाची कापायला घेतील. एकदा कापली की ती दुसऱ्या कुठल्या भिंतीला बसत नाही. काही बदल असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत फोन करा, ताई."

उद्या संध्याकाळ. माझं आयुष्य एका म्हाताऱ्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि ती जीभ हलत नव्हती.

त्याच दुपारी बाबा अंगणात आले. इकडेतिकडे बघितलं, चोरासारखं. खिशातून किल्ली काढून माझ्या ओठाखाली उजवीकडे खरवडलं. लांबीचा एक तुकडा पडला. मग दुसरा. खालून सुताराची खाच निघाली, तशीच सरळ, तशीच स्वच्छ. बाबांनी तिच्यात करंगळी घातली आणि अर्ध्या वाटेपर्यंत फिरवली. मग मान वळवून घराच्या पुढच्या बाजूकडे बघितलं, जिकडे माझ्या बहिणी होत्या.

"तू तरी बोलायचंस," ते मला म्हणाले.

इतक्या वर्षांत ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

तेवढ्यात आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि त्यांनी लांबीचे तुकडे पायाने मातीत दडपले. निघून गेले. मला वाटलं, संपलं. झाकली मूठ आता झाकलीच राहणार. कुणाला हवंय आपलंच अवलक्षण जगाला दाखवायला? आणि तेही अशा माणसाला, ज्याच्याजवळ मिरवायला 'पाण्याची नाडी कळते' एवढंच उरलंय?

दुसरा दिवस उजाडला. सकाळ गेली. दुपार कलली. सूनबाई टेबलावर पुस्तक शिवत होती. मी एक एक टाका मोजत होते.

"सूनबाई, जरा अंगणात ये," बाहेरून बाबांचा आवाज आला.

"हातात सुई आहे, बाबा. पाच मिनिटं."

"पाच मिनिटांनी माझं धाडस गेलेलं असेल. आत्ता ये."

ती सुई तशीच हातात घेऊन आली. बाबांच्या हातात पाण्याने भरलेला मग होता. आणता आणता निम्मं पाणी त्यांच्याच पायावर सांडलं होतं. उरलेलं त्यांनी माझ्या ओठावर ओतलं, आधी डावीकडे. पाणी ओठावरून वळलं, खालून सरपटलं आणि भिंतीत मुरलं. मग उजवीकडे ओतलं, जिथे काल खरवडलं होतं. पाणी वळलं, खाचेपाशी आलं, थांबलं, आणि थेंब थेंब मातीत पडलं.

"बघितलंस?"

"बघितलं. म्हणजे काय?"

"म्हणजे खाच होती. मी बुजवली."

सूनबाई वाकली, खाचेकडे बघितलं, मग डावीकडच्या गुळगुळीत लांबीकडे.

"कधी?"

"तुझी सासू गेली त्या वर्षी. चौघींची."

"चौघींची?" तिने पुढच्या बाजूकडे बघितलं. "आणि काल तो माणूस विचारत होता, तेव्हा?"

"घाबरलो."

"त्याला?"

"तुला. म्हटलं, तू डबा काढून घेशील. मग मी दिवसभर काय करू?"

"बाबा, माझे तीन गठ्ठे गेले! त्या शाळेच्या बाईंसमोर मी मान खाली घालून उभी राहिले. रोज या खिडकीला शिव्या घातल्या. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! चाळीस वर्षं दुनियेची गळती शोधलीत, आणि आपल्याच घरात..."

तिला त्यांचा चेहरा दिसला असावा. ती थांबली.

"बोल ना," बाबा म्हणाले. "आपल्याच घरात मी गळती."

"डबा आणा," ती म्हणाली.

त्यांनी आणून दिला. ती डबा घेऊन आत गेली आणि दार लागलं. आता ती फोन करते की नाही, मला ऐकू येईना. बाबा अंगणात पायरीवर बसून राहिले. ऊन भिंतीवरून वर वर चढत गेलं. एवढी वर्षं मी सूर्य मावळताना बघितला, पण तो इतका भराभर मावळतो हे मला ठाऊक नव्हतं.

मग दार उघडलं. फोन तिच्या कानाला होता, बोटांना खळ लागलेली. "दादा, ती कापू नका... नाही, नाही, नको असं म्हणत नाहीये. आधी तुम्ही येऊन बघा. आणि तुमच्या वडिलांची हत्यारं असली तर घेऊन या."

मापवाला दुसऱ्या दिवशी आला तो एक जुनी पेटी घेऊन. "धंदा माझा प्लास्टिकच्या खिडक्यांचा, आणि आलोय लाकूड जोडायला," तो म्हणाला. "आमच्या मालकाला सांगू नका, ताई. मला फुली मारेल."

"पण जोडता येईल का?"

"पटाशी टोचून बघतो. चार बोटं आत गेली तर संपलं. पण निदान हिला बघून तर घेता येतं. तुमच्या पुढच्या खिडकीत दोन काचांच्या मध्ये वाफ शिरलीय, बघितली? ती पुसता येत नाही. अख्खी झडप फेकायची. बिघडली की त्यांना डॉक्टर नसतो." त्याने टेबलाकडे बघितलं. "तुम्ही हे काय करता?"

"जुनी पुस्तकं नीट करते."

"पान फाटलं की फेकत नाही?"

"फेकायचं कशाला? जोडता येतं." ती बोलली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

"मग?" मापवाला म्हणाला आणि पटाशी हातात घेतली.

पटाशी माझ्या डाव्या टोकात शिरली. एक बोट. दीड. दोन. अडीच बोटांवर ती टणक लाकडाला लागून थांबली.

"जगेल," तो म्हणाला.

मग करवत. पुन्हा करवत. कुजलेला भाग त्याने कापून काढला, नवं लाकूड तिरकं तासून असं जोडलं की बोटाला सांधा लागत नाही. सरस वाळेपर्यंत पट्ट्या ठोकून ठेवल्या. खाच पूर्ण मोकळी केली. कापलेला कुजका तुकडा त्याने वाफ्यात टाकला. "राहू दे तिथेच, मुंग्या खातील, माती होईल," म्हणाला. तो तुकडा आता निम्मा राहिलाय. त्याच्या शेजारचा पांढरा चुरा आहे तेवढाच आहे.

"एक मोठा पाऊस बघते," सूनबाई म्हणाली. "ओल आली तर तुमची प्लास्टिकची लावू."

म्हणजे मी सुटले नव्हते. मुदत वाढली होती.

पाऊस आठ दिवसांनी आला आणि तीन दिवस हलला नाही. सूनबाईने माझ्याखाली भिंतीवर टिपकागदाचा एक ताव चिकटवला. ओलीचा एक ठिपका जरी उठला तरी त्याच्यावर दिसणार. बाबा कांब घेऊन भिंतीशी बसले. तासातासाला कान लावायचे. पाणी माझ्या ओठावर आपटत होतं, वळत होतं, खाचेपाशी येत होतं. प्रत्येक थेंबाला मी म्हणत होते, पड रे, खाली पड. आतमध्ये एक म्हातारा बहुतेक हेच म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने ताव काढला. उलटसुलट करून बघितला. गालाला लावून बघितला. कोरडा होता.

ती आत गेली आणि लांबीचा डबा घेऊन आली. बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"त्या दादांनी पट्ट्या ठोकल्या होत्या ना, त्या खिळ्यांची पाच भोकं राहिलीयत. तेवढी बुजवा. पाचच. मी मोजलीयत."

"आणि ही फुली? पुसू?"

"राहू दे. वर्षभर धाक असलेला बरा."

"कुणाला? खिडकीला की मला?"

"दोघांना," ती म्हणाली, आणि तोंड वळवून हसली.

पाऊस उघडल्यावर बाबा डबा आणि लांबी लावायची पत्री घेऊन अंगणात आले. त्यांना येताना बघून माझी बिजागरी पुन्हा कुरकुरली. काय करणार, अंगात भिनलेली भीती! त्यांनी पाच भोकं बुजवली. मग डब्याचं झाकण लावलं, खाली वाकले, आणि करंगळी माझ्या खाचेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. एक कोळ्याचं जाळं निघालं. ते त्यांनी पँटला पुसलं.

आज मी अशी आहे. ओठाला ठिगळ, अंगावर फुली, पोटात साठ वर्षांची हवा. टेबलावर माझा उजेड पडतो आणि सूनबाई पुस्तक शिवते. भीती अजून आहे. वाळवीची आहे, आगीची आहे, आणि कानावर पेन्सिल असलेल्या प्रत्येक माणसाची आहे.

तुमच्या घराला खिडकी लावायची असेल तर लाकडाची लावा, पण आधी विचारा की हे झाड जिथून आणलं तिथे दुसरं लावलंय का. नसेल लावलं तर मी नको, तसली खिडकी म्हणजे चोरी. आणि लावलीत तर तिला दोन वर्षांनी तेल पाजा. वर्षातून दोनदा तिच्या ओठाखालून करंगळी फिरवा.

आणि फिरवताना घरातल्या कुणाला तरी बोलावून दाखवा. एवढं एक कराच.